एडीएचडी: गोंगाट सहन होत नाही की सांगितलेलं टिकत नाही? मुंबईतल्या पालकांसाठी टप्प्याटप्प्याने

मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा, उतावळेपणा) आहे असं कळलं की रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा आणखी दोन ओळी असतात: ‘सेन्सरी इश्यूज’ आणि ‘वर्किंग मेमरी कमी’. डॉक्टरांच्या केबिनमधून आपण थेरपीचं वेळापत्रक आणि फीचा आकडा घेऊन बाहेर पडतो. पण सकाळी सातला स्कूल बस खाली हॉर्न मारतेय, मूल एक मोजा घालून गॅलरीत उभं आहे, तेव्हा त्या दोन ओळींचं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. मी डॉक्टर नाही. लालबागला राहणारी, पाचवीतल्या मुलाची आई आहे आणि रुग्णालयांच्या रांगांमध्ये पुरेशी उभी राहिले आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ‘कितीदा सांगायचं तुला’ हे तोंडावर येतं तेव्हा दोनांपैकी एक गोष्ट झालेली असण्याची शक्यता मोठी: आवाज, वास, स्पर्श यांनी मूल बेजार झालंय, नाहीतर सांगितलेलं डोक्यात टिकलंच नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपाय मात्र वेगळे आहेत. कुठल्याही थेरपीवर पैसे टाकण्याआधी आपल्या घरात कधी काय होतं हे ओळखायला शिका. (तिसरी शक्यता म्हणजे त्याला खरंच ऐकायचं नसतं. तेही होतं, लहान मूलच आहे ते.)

१. आधी दोन्हींची ओळख करून घ्या

वर्किंग मेमरी म्हणजे पाठांतर नव्हे. आमच्या चिरंजीवांना लोकलची स्टेशनं चर्चगेटपासून विरारपर्यंत तोंडपाठ आहेत. वर्किंग मेमरी म्हणजे माहिती काही सेकंद मनात धरून तिच्यावर काम करणं: हातचा धरून बेरीज पुढे नेणं, वाक्याचा शेवट वाचेपर्यंत सुरुवात लक्षात ठेवणं, बाईंनी सांगितलेल्या तीन गोष्टी क्रमाने करणं. वन रूम किचनमधला ओटा डोळ्यांपुढे आणा. जागाच तेवढी, नवीन पातेलं ठेवलं की कडेचं काहीतरी खाली पडणार. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये या स्मृतीचे भाग मांडले: ऐकलेलं धरून ठेवणारा एक, पाहिलेलं आणि जागा लक्षात ठेवणारा दुसरा आणि दोघांवर देखरेख करणारा तिसरा. मोठ्या माणसाच्या मनात एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात, असं नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये दाखवलं. मुलांची मर्यादा त्याहून कमी आणि एडीएचडी असलेल्या अनेक मुलांची त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षाही कमी. अनेक, सगळ्यांची नाही.

आता संवेदना. शाळेत पाच ज्ञानेंद्रियं शिकवतात. थेरपिस्ट आणखी तीन मोजतात: तोल आणि हालचालीची जाणीव, स्नायू-सांध्यांतून येणारी शरीराची जाणीव, आणि भूक, तहान, शू लागल्याची आतली जाणीव. एखाद्या मुलाला शर्टाच्या कॉलरमागचं लेबल टोचतं, पावसात ओले झालेले मोजे पायात असले की तो रडकुंडीला येतो, भेंडीचा बुळबुळीतपणा जिभेला चालत नाही. दुसरं मूल उलट: सतत उड्या, सोफ्यावरून झेप, पेन्सिल चावणं, भिंतीला घासत चालणं. तिसऱ्याला चार हाका मारल्या तरी पत्ता नाही. एकाच मुलात हे सगळं वेगवेगळ्या इंद्रियांबाबत असू शकतं. आमचा मुलगा मिक्सर लागला की कान झाकतो आणि स्वतः मात्र दिवसभर पातेल्यांवर ढोल बडवतो.

हे दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे. गोंगाट दूर ठेवायलाही लक्ष खर्च होतं आणि तेवढं लक्ष गणितातून वजा होतं.

एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. संवेदनांचा त्रास हा एडीएचडीच्या निदानाचा निकष नाही आणि ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ हे वेगळं निदान २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात) नाही. ऑटिझमच्या निकषांत मात्र संवेदनांचा उल्लेख आहे. त्याच २०१३ च्या आवृत्तीपासून एडीएचडी आणि ऑटिझम ही दोन्ही निदानं एकाच मुलाला देता येतात. तुमच्या मुलाचा त्रास मुख्यतः संवेदनांचाच असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘ऑटिझमच्या अंगानेही बघितलंत का?’ प्रश्न अवघड आहे, पण लवकर विचारलेला बरा.

२. दोन आठवडे वही ठेवा

साधी शंभर पानी वही घ्या. रोज दोन-तीनच नोंदी करा: वेळ, जागा, आजूबाजूला काय चालू होतं, आपण नेमक्या कोणत्या शब्दांत सांगितलं, त्याने काय केलं. ‘खूप त्रास दिला’ असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही.

आमच्या वहीतली एक नोंद अशी: ‘मंगळवार, संध्याकाळी ६.४०. हातच्याच्या बेरजा. शेजारी मालिका चालू, कुकरच्या शिट्ट्या. दुसऱ्या गणितापासून हातचा विसरला, मग खोडरबर कुरतडायला लागला.’ दुसऱ्या दिवशी तशाच बेरजा, दार बंद, कुकर आधीच उतरवलेला. खोडरबर शाबूत राहिलं, हातचा पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी हातचा चौकटीत लिहायला सांगितला आणि गणितं सुटली. म्हणजे चुळबुळ आवाजामुळे होती, चूक स्मृतीमुळे.

खरी युक्ती हीच: एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी गोंगाट, उजेड, कपडे, भूक यांतलं काहीतरी बदला. फरक पडला नाही तर सूचना लहान करा किंवा लिहून द्या. दोन्ही एकदम बदललं तर कशामुळे जमलं ते कळणार नाही. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही वही दाखवा. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हे एकदा ऐकून घ्यावं लागेल. पण दुपारचे चार तास तेच मुलाला बघतात आणि त्यांच्या नोंदी बऱ्याचदा आपल्यापेक्षा नेमक्या निघतात.

३. कुठे जायचं

आधी कान आणि डोळे तपासा. ऐकू कमी येणारं मूल ‘लक्ष देत नाही’ असंच वाटतं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत ऐकण्याच्या तपासण्या होतात. मूल रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. झोप नीट झाली नाही की मुलं पेंगण्याऐवजी चळवळी होतात.

निदानासाठी बालविकासतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ लागतात. शाळेच्या समुपदेशकांनी शंका व्यक्त करणं वेगळं आणि निदान वेगळं. परवडणारे पर्याय म्हणजे केईएम, सायन आणि नायर ही पालिकेची रुग्णालयं आणि परळचं वाडिया बाल रुग्णालय. ऑक्युपेशनल थेरपीसाठी (रोजची कामं जमावीत म्हणून हालचाल आणि संवेदनांवर काम करणारी थेरपी) हाजी अलीजवळची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही आहे. बालविकासावर काम करणारी ‘उम्मीद’ ही संस्था मुंबईत २००१ पासून आहे आणि लेखन-वाचनाच्या अडचणींसाठी महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून.

पालिकेच्या रुग्णालयात जाताना सकाळी लवकर पोचा, आधी केस पेपर काढा आणि मग विभागात नंबर लावा. पहिल्या दिवशी बहुधा फक्त पुढची तारीख मिळते. त्यासाठी मुलाची शाळा बुडवायची गरज आहे का, ते खिडकीवर विचारून घ्या. मुलाला नेणार असाल तर कोरडा खाऊ, पाण्याची बाटली आणि हातात चाळवायला काहीतरी न्या. ओपीडीच्या रांगेइतकी कठीण सेन्सरी परीक्षा दुसरी नाही.

४. तपासणीत काय होतं

डॉक्टर पालकांना आणि शिक्षकांना वेगवेगळ्या प्रश्नावल्या देतात, बऱ्याचदा व्हँडरबिल्ट किंवा कॉनर्सच्या. शिक्षकांची लागते कारण लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, सहा महिने टिकलेली असावीत आणि वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असावीत. वर्गशिक्षिकेला ‘जरा सौम्य लिहा’ असं सांगू नका. सौम्य लिहिलं तर चित्रच चुकीचं उमटतं.

सायकॉलॉजिस्ट बुद्धिमापनाची चाचणी घेतात. आपल्याकडे मालिन यांची भारतीय मुलांसाठी बेतलेली चाचणी किंवा बिने-कामत चाचणी बरीच वापरली जाते. त्यात अंक वाचून दाखवतात, सेकंदाला एक, आणि मुलाने ते आधी सरळ, मग उलट म्हणायचे असतात. सरळ म्हणणं हे धरून ठेवणं झालं, उलट म्हणताना त्यावर काम करावं लागतं. त्यामुळे रिपोर्टमध्ये या दोन्हींचे आकडे वेगवेगळे मागा.

इथले तीन सापळे सांगते. पहिला, घरी अंक उलटे म्हणण्याचा सराव घेणं. उत्साही मामा-काका हे हमखास करतात आणि चाचणी निकामी होते. दुसरा, तापातून उठलेलं किंवा उपाशी मूल तपासणीला नेणं. तिसरा, एका बैठकीचा आकडा कायमचा मानणं. चाचणी घेणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदणीकृत आहेत ना, हेही बघा. विचारलं म्हणून कुणी रागावलं तर दुसरीकडे जा.

५. ऑक्युपेशनल थेरपी: घ्यावी का, कशी निवडावी

या शास्त्राशी मुंबईचं नातं जुनं आहे. आशियातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये केईएममध्ये सुरू केली. त्यामुळे चांगले थेरपिस्ट इथे आहेत. गल्लोगल्ली रंगीत झोपाळे टांगून बसलेली सेंटरंही आहेत.

अपेक्षा मात्र मापात ठेवा. संवेदनांच्या त्रासासाठी बहुतेक ठिकाणी झोपाळे, उड्या, स्पर्शाचे खेळ वापरून जी थेरपी देतात ती सेन्सरी इंटिग्रेशन; तिची मांडणी जीन एअर्स या थेरपिस्टची. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये सांगितलं की ही थेरपी एकूण उपचारांचा एक भाग म्हणून चालेल, पण तिच्या परिणामाचे पुरावे मर्यादित आहेत आणि पालकांना ते सांगायला हवं. थेरपीने अनेक मुलं शांत होतात, बटणं लावायला, कात्री धरायला शिकतात. ‘एडीएचडी घालवतो’ म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा.

पहिल्या भेटीत विचारा: राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी परिषदेची नोंदणी आहे का? उद्दिष्ट काय आणि ते साधलं हे कशावरून कळणार? ‘सेन्सरी सुधारेल’ हे उत्तर नव्हे. ‘तीन महिन्यांत जेवणाच्या ताटावर दहा मिनिटं बसेल’ हे उत्तर. सेशन चालू असताना आत बसू देता का? आम्हाला एका ठिकाणी वर्षभराची फी एकरकमी भरायला सांगितली होती, वर सवलतीचं गाजर. महिन्याची भरा, पटलं तर पुढची.

वर्किंग मेमरी वाढवणाऱ्या महागड्या ॲपबद्दलही तेच. मेल्बी-लेर्वाग आणि हुल्म यांनी २०१३ मध्ये अशा प्रशिक्षणाच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मुलं त्या खेळात आणि तशाच चाचण्यांत तरबेज होतात, पण गणित-वाचनात त्याचा फायदा उतरल्याचं दिसलं नाही. ते पैसे भिंतीवर लावायच्या मोठ्या पांढऱ्या फळ्यावर घालवा. कारण स्मृतीवरचं ओझं कमी करणं हे स्मृती ताणण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

६. घरात करायचे बदल

*स्मृतीसाठी.* एका वेळी एक सूचना, फार तर दोन. ‘दप्तर जागेवर ठेव, हातपाय धू, डबा मोरीत टाक आणि आजीला विचार चहा घेणार का’ हे चार निरोप झाले. त्यातला शेवटचा तेवढा पोचतो: दप्तर खांद्यावर, पाय चिखलाचे आणि मूल आजीसमोर उभं. लांबून ओरडू नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, त्याने बघितलं की बोला आणि ‘काय करणार आहेस?’ हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या. ‘कळलं का?’ विचारू नका, त्याचं उत्तर कायम ‘हो’ असतं.

रोजचा क्रम चित्रांत काढून दाराच्या आतल्या बाजूला लावा. अंघोळ, कपडे, दूध, डबा, बाटली, ओळखपत्र. ‘पुढचं काय?’ असं त्याने विचारलं की उत्तर न देता फक्त तक्त्याकडे बोट दाखवा. सुरुवातीला चिडचिड होते, त्याचीही आणि आपलीही. गृहपाठात हातचे चौकटीत, शब्दांची उदाहरणं चित्र काढून, धडा वाचताना पट्टी ओळीखाली. पाढ्यांचा तक्ता बघू द्या. सात साते किती ते आठवण्यात लक्ष संपलं तर भागाकाराची रीत शिकायला उरणार काय?

*शरीरासाठी.* वजन उचलणं, ओढणं, ढकलणं, मळणं यांनी बऱ्याच मुलांचं अंग थाऱ्यावर येतं. त्याला वेगळं साहित्य लागत नाही. कणीक मळायला द्या, भाजीची पिशवी जिन्याने वर आणायला सांगा, पाण्याची कळशी भरून ठेवू द्या. अभ्यासाच्या आधी दहा-पंधरा मिनिटं हे केलं की आमच्याकडे बैठक जमते. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवतात. पकडणं, लटकणं, उलटं होणं, तोल सांभाळणं सगळं त्यात आहे. ते उपचार नव्हेत, पण मुलं तिथे आनंदाने जातात. ऑक्युपेशनल थेरपीबाबत असं कायम म्हणता येत नाही.

अभ्यास करताना हलू द्या. मार्क रॅपोर्ट यांच्या फ्लोरिडातल्या संशोधक गटाने २०१५ मध्ये दाखवलं की एडीएचडी असलेली मुलं जास्त हलत होती तेव्हा वर्किंग मेमरीच्या चाचणीत त्यांची कामगिरी चांगली होती. इतर मुलांत हे उलट दिसलं. म्हणजे पाय हलवणं हा उद्धटपणा नाही. उभ्याने लिहू द्या, खुर्चीच्या पुढच्या पायांना जुन्या सायकल ट्यूबचा पट्टा बांधून त्यावर पाय झुलवू द्या.

*आवाजासाठी.* लालबागमध्ये राहून शांतता मागणं म्हणजे विनोदच आहे, तरी काही करता येतं. अभ्यासाची जागा रस्त्याकडच्या खिडकीपासून दूर. मिक्सर लावण्याआधी ‘लावतेय’ असं सांगायचं. आधी कळलेला आवाज कमी टोचतो. कारखान्यांत वापरतात ते कानावरचे मफ नागदेवी स्ट्रीटला सेफ्टीच्या सामानाच्या दुकानांत मिळतात, मात्र डोक्याला बसतात का ते घालून बघा. मिरवणूक, फटाके, लग्नाचा हॉल एवढ्यापुरतेच वापरा. दिवसभर लावले तर साधे आवाजही मोठे वाटू लागतात.

गणपतीत मूल ढोल-ताशाला घाबरतं म्हणून त्याला पूर्ण लांब ठेवायची गरज नाही. मंडपात सकाळी लवकर न्या, गर्दी नसताना. विसर्जन गॅलरीतून बघा. ‘सहन होईना की हा हात दाब, आपण निघू’ असं ठरवून जा आणि त्याने हात दाबला की खरंच निघा, भले नातेवाईक तोंड वाकडं करोत.

*कपडे-जेवण.* लेबलं कापा, शिवण उलटी येईल असे मोजे घाला, नवीन गणवेश घालायच्या आधी दोनदा धुवा, पावसाळ्यात दप्तरात मोज्यांचा जादा जोड ठेवा. ताटात एक नेहमीचा पदार्थ आणि नवीन पदार्थ चिमूटभर. खाण्याची जबरदस्ती केलीत तर पुढचा महिना त्या भाजीचं नावही काढता येत नाही.

७. शाळेशी बोलणं

पहिल्या भेटीत सगळी फाइल टेबलावर आपटू नका. एका पानावर पाच विनंत्या नेल्या की निम्म्या तरी मान्य होतात: पुढच्या बाकावर पण दार-खिडकीपासून दूर जागा, फळ्यावरचं उतरवायला जादा वेळ किंवा वहीचा फोटो, गृहपाठ डायरीत लिहिला की नाही हे बाईंनी बघणं, अधूनमधून वह्या वाटण्यासारखं उठण्याचं काम, आणि खेळाचा तास शिक्षा म्हणून न काढणं. शेवटच्यासाठी भांडावं लागलं तरी भांडा.

८. औषधाचा प्रश्न

सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांचं प्रशिक्षण, औषध नंतर. त्यापुढच्या मुलांना डॉक्टर मिथाइलफेनिडेट किंवा ॲटोमॉक्सेटिन देऊ शकतात. घ्यायचं की नाही ते शेजाऱ्यांना नको, डॉक्टरांना विचारा. मिथाइलफेनिडेट प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी हालचाल करा. भूक कमी होते, म्हणून सकाळचं खाणं गोळीच्या आधी. आणि गोळीमुळे लक्ष टिकलं तरी कॉलरचं लेबल टोचायचं ते टोचतंच.

९. सर्टिफिकेट आणि कागदपत्रं

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत अध्ययन अक्षमता आणि ऑटिझम आहेत, एडीएचडी वेगळा नाही. त्यामुळे नुसत्या एडीएचडीवर ‘एलडी सर्टिफिकेट’ (एलडी म्हणजे अध्ययन अक्षमता) मिळेल असं गृहीत धरू नका. पण एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना अध्ययन अक्षमताही असते. लेखन-वाचन-गणित मागे असेल तर साधारण तिसरीनंतर सायन, नायर किंवा केईएमच्या एलडी क्लिनिकमध्ये तपासणी करून घ्या. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती त्यावर मिळतात. दहावीच्या वर्षी धावपळ करायला गेलात तर तारखाच मिळत नाहीत. आठवीपर्यंत फाइल पूर्ण करा.

फाइलमध्ये हे ठेवा:

- मुलाचा जन्मदाखला आणि आधार कार्ड
- पालकांचं ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा पत्त्याचा पुरावा
- शाळेचं पत्र, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यासह
- मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं
- मराठी, इंग्रजी, गणिताच्या वह्या. खाडाखोडीच्या, चांगल्या निवडून नव्हे
- कान आणि डोळ्यांच्या तपासणीचे रिपोर्ट
- आधीचे सगळे रिपोर्ट, थेरपीच्या नोंदी
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- आणि ती शंभर पानी वही

सगळ्याच्या झेरॉक्स घरूनच काढून न्या, रुग्णालयाबाहेरच्या दुकानात अकराला रांग लागते. मूळ प्रती खिडकीवर दाखवा, पण तिथे सोडून येऊ नका.